सशाचा उभा कान

आमच्या टेकडीवर एक ससा आहे. नाकापासून शेपटीपर्यंत सव्वाशे पावलं. कुणाची पावलं ते आत्ता विचारू नका, पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. टेकडीच्या पोटात खडू आहे. वीतभर गवत-माती काढली की खाली पांढरंशुभ्र. कुणीतरी, कधीतरी, ती माती सशाच्या आकारात काढली आणि निघून गेला. कोण, कधी, कशासाठी, काही पत्ता नाही. चर्चमधले म्हणतात, मठातल्या साधूंनी केला. पबमधले म्हणतात, साधू इथं यायच्या कितीतरी आधीचा. शाळेत काय शिकवायचं ते दर नव्या मास्तरागणिक बदलतं. आमच्या निदरकोम गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, ‘होताच तो.’ आम्हाला तेवढं पुरतं.

पण खडू नुसता टिकत नाही. गवत कडांवरून आत सरकतं, पाऊस वरचा थर वाहून नेतो. वीस वर्षं कुणी हात लावला नाही तर ससा टेकडीत विरून जाईल. म्हणून दर सात वर्षांनी, मे महिन्याच्या शेवटी, घासणी असते. सगळं गाव गुडघ्यांवर. तण उपटायचं, कडा कापून सरळ करायच्या, खाणीतला ताजा खडू बादल्यांनी ओतायचा आणि धुमसानं ठोकून बसवायचा. प्रत्येक घराचा अवयव ठरलेला. पकेटांकडे पोट आहे, आणि गॉर्डन पकेट पब चालवत असल्यामुळे ते त्याला शोभूनही दिसतं. आम्हा ट्रेव्हेटांकडे शेपूट. त्यावरून शाळेत जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलंय. आणि हाउन्सेलांकडे कान. दोन्ही.

त्या घरातली शेवटची हेस्टर. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं डेअरीत चीज बनवलं, ऐंशीला आली तेव्हा कुठे सायकल सोडली, मांजरांशी तिचं कधी जमलं नाही. मी तिच्याहून एकोणीस वर्षांनी लहान, पण टेकडीवर गुडघे टेकले की सगळे एकेरीवर येतात, त्यामुळे ती मला हेस्टरच. माझं पोस्टाचं काउंटर. दर मंगळवारी पेन्शन घ्यायला यायची आणि रांगेतल्या माणसाची टोपी, प्रकृती, सून, सगळ्यावर शेरे मारून जायची. घासणीच्या वर्षी मात्र तिचा अवतारच वेगळा. सशाचा एक कान उभा, दुसरा पाठीवर पडलेला. उभ्या कानावर ती दुसऱ्या कुणाचा हात पडू द्यायची नाही. पडलेला कान भाच्यांना, शेजाऱ्यांना, हवा त्याला. उभा कान तिचाच. घासणी नसलेल्या वर्षीही ती एकटी वर जाऊन त्यातलं तण काढायची. आम्ही म्हणायचो, बापाचं नाव राखतेय बाई.

बाप, म्हणजे वॉल्टर हाउन्सेल, साडेसहा फुटांना दोन बोटं कमी. युद्ध चालू होतं, एकोणीसशे चाळीस सालच्या उन्हाळ्यात हुकूम आला की ससा झाका, कारण शत्रूच्या विमानांना तो मैलोगणती लांबून दिसतो आणि त्यावरून त्यांना वाट कळते. वॉल्टरच्या देखरेखीखाली गावानं सशावर फांद्या घातल्या, वर गवताचे ढपले अंथरले. कडेनं लाकडी खुंट्या ठोकल्या, पुढे सापडावा म्हणून. हेस्टर तेव्हा सतरा वर्षांची, खुंट्यांची पिशवी घेऊन बापाच्या मागं मागं. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात वॉल्टर न्यूमोनियानं गेला. ससा पुन्हा उघडायला सेहेचाळीस साल उजाडलं. तोवर गावातले अकरा जण लढाईवर गेले ते परतले नव्हते, आणि खुंट्या कुठे ठोकल्या ते माहीत असलेलं एकच घर उरलं होतं. हेस्टरनं सांगायचं आणि बाकीच्यांनी खणायचं. धड सापडलं, पाय सापडले, एक कान सापडला, पाठीवर मागे पडलेला. दुसरा तिनं दाखवला तिथं खणला. तो उभा निघाला.

तेव्हापासून आमचा ससा ऐकतो. एक कान मागे टाकून पळतोय आणि दुसरा उभा करून ऐकतोय. लोकांना ते इतकं आवडलं की पबचं नावच ‘ऐकणारा ससा’ झालं. एका रेव्हरंडांनी त्या कानावर चौतीस पानांची पुस्तिका लिहिली. ससा देवाची हाक ऐकतोय असं त्यात आहे. पोस्टात अजून विकायला आहे, कुणी घेत नाही.

एकच माणूस म्हणायचा की कान चुकलाय. माझे आजोबा, ईनॉक ट्रेव्हेट.

सशाचं डोकं टेकडीच्या वळणावर आहे. जवळ गेलं तर नुसता खडू, आकार कळत नाही, आणि गावातून दिसतं ते फक्त ढुंगण आणि पोट. डोकं दिसतं ते आमच्या घराच्या खिडकीतून, कारण घर धनगराचं, सगळ्यांपासून लांब, समोरच्या उतारावर. आजोबांनी पन्नास वर्षं त्या खिडकीतून मेंढरांवर आणि सशावर नजर ठेवली. पण पंचेचाळीसमध्ये त्यांना झटका आला, डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द लाळेतून यायला लागले. त्यामुळे सेहेचाळीसमध्ये ते कानाबद्दल बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला बोट लावून दाखवलं आणि विषय संपला.

ते खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि जो येईल त्याला विचारायचे, “कान चुकलाय. दिसतंय ना?” दूधवाल्याला विचारायचे. रेव्हरंडांना विचारायचे. एकदा तर चाकू घेऊन खिडकीची चौकट कोरायला बसले, तेव्हा आईनं चाकू काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. गावातली पोरं त्यांना ‘कानवाला म्हातारा’ म्हणायची. घराखालच्या रस्त्यानं जाताना दोन्ही हात डोक्याला लावून उड्या मारायची. त्या पोरांत मीही होते. सात वर्षांची असेन. आजोबांनी खिडकीतून मला पाहिलं होतं.

त्या काळात हेस्टर दर रविवारी चर्चनंतर आमच्याकडे यायची, हातात झाकणाच्या डब्यात मटणाचं आणि सातूचं सूप. भरवायचीसुद्धा तीच. आई म्हणायची, “पोटच्या पोरी करत नाहीत इतकं करते.” आजोबा म्हणायचे, “कान चुकलाय. दिसतंय ना?” आणि ती म्हणायची, “सूप गार होतंय, मिस्टर ट्रेव्हेट.” एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, पण कळली नव्हती. ती नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायची.

बावन्न साली आजोबा गेले. आईनं खिडकीला रंग दिला, मग पुढे मी आणखी दोनदा दिला. त्यांनी चाकूनं कोरलेल्या खाचा बुजून गेल्या.

आता एकदम दोन हजार नऊवर येते. घासणीचं वर्ष. एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीतून डॉक्टर निकोला प्रॉसर नावाची बाई आली. वय तिशीच्या आतबाहेर, मोजे कधी जोडीचे नसायचे. ती म्हणाली, सशाचं वय काढता येईल. गावाच्या हॉलमध्ये सभा भरली. प्रॉसरबाईंनी सोपं करून सांगितलं. मातीच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजता येतं. खडू ठोकून बसवला की खालची माती अंधारात जाते आणि तिथून तिचं घड्याळ सुरू होतं. अंधारातच नळी ठोकून ती माती काढायची, उजेड लागू द्यायचा नाही, आणि प्रयोगशाळेत तिला विचारायचं.

“म्हणजे कोण जिंकलं ते कळणार,” गॉर्डन म्हणाला. “चर्च का पब.”

सगळ्यांना हवं होतं. एकटी हेस्टर उठून उभी राहिली, काठीवर दोन्ही हात. “आजीला कुणी वय विचारतं का? मेला, हजार वर्षांचा असला काय नि दोन हजार. तुम्ही काय त्याचा वाढदिवस करणार आहात?”

“केक मी देतो,” गॉर्डन म्हणाला. लोक हसले आणि ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसताना, ती पोस्टात आली. पाकिटांच्या रॅकशी उगाच उभी राहिली. मग म्हणाली, “मेव्हिस, ते यंत्र चुकतं का गं?”

“मातीला खोटं बोलता येत नाही म्हणे.”

“नळी कुठं ठोकणार?”

“तुझ्या कानात. उभ्या. खडू तिथंच सगळ्यात जाड आहे, ती बाई कालच वर जाऊन काठीनं बघून आली. म्हणाली, इतकं राखलेलं तिनं कुठं पाहिलं नाही.”

हेस्टरनं एक पाकीट काढलं, परत ठेवलं. “आणि समजा, मातीनं सांगितलं की ससा साठ-पासष्ट वर्षांचा आहे?”

मला हसू आलं. “मग संपलंच. पेपरवाले लिहितील, पर्यटकांना चहा विकायला गावानं बनवला. शाळेतली पोरं मान खाली घालतील. पण तसं कसं होईल? तुझ्या पणजोबांनी घासलाय तो.”

“घासलाय खरा,” ती म्हणाली आणि काहीच न घेता गेली. मला वाटलं, वय झालं.

नळी ठोकायच्या दिवशी वारा होता. गॉर्डननं हेस्टरला जीपमधून वर आणली, घडीच्या खुर्चीत बसवली, पायांवर घोंगडी. प्रॉसरबाईंनी कानाच्या टोकाशी गुडघाभर खड्डा घेतला होता. काळी ताडपत्री तयार होती, नळी तयार, हातोडा तयार. मी थर्मासमधून चहा ओतत होते.

“थांब गं पोरी,” हेस्टर म्हणाली. “तिथं नको.”

“का हो मिस हाउन्सेल? सगळ्यात चांगली जागा हीच.”

“चांगली मी केलीय, म्हणून सांगते. त्या मातीला शेवटचं ऊन लागलं सेहेचाळीस सालच्या मे महिन्यात. सोमवार होता. मी होते तिथं.”

गॉर्डन हसला. “हेस्टर, सायडर सकाळीच का?”

“तू गप ताडपत्री धर.” मग ती बोलत गेली, सशाकडे बघत, आमच्याकडे नाही. “कानाच्या खुंट्या गुरांनी उपटल्या होत्या. एक कान कसाबसा सापडला. दुसऱ्याचं बाबांनी मरताना सांगितलेलं. वरच्या हॉथॉर्नच्या झाडापासून सरळ खाली बेचाळीस पावलं, तिथं टोक. तेवढंच सांगायची ताकद होती त्यांच्यात. मी बेचाळीस मोजली. खाली काही खूण नव्हती, नुसती माती. म्हटलं, सहा वर्षांत मुजला असेल. खणायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, वॉल्टरची पोर शोभतेस.”

“मग?” प्रॉसरबाई म्हणाल्या.

“मग ऑक्टोबरात बाबांचे बूट कुणाला तरी द्यायला काढले. पुसता पुसता सहज पाय घालून बघितला. पुढं मूठभर जागा उरली. तिथंच पायरीवर बसले मी. बेचाळीस पावलं त्यांची होती, आणि मोजली मी माझ्या पायांनी. स्कर्ट घालून.”

एवढी साधी चूक. आमच्याकडे सगळं पावलांत सांगतात, अजूनही. कुणाच्या पावलांत, ते सांगायची गरज कधी पडली नाही, कारण ज्याचं शेत त्याची पावलं. तिला ती बापाची मिळाली होती आणि पाय स्वतःचे.

“सांगितलं का नाहीस?” गॉर्डननं विचारलं. पबच्या पाटीचा विचार त्याच्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला असणार.

“काय सांगू? बाप मरताना एक काम सांगून गेला आणि तेवढंसुद्धा मला धड जमलं नाही, हे?”

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी म्हणाले, “आणि माझे आजोबा?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “ते बरोबर होते.”

“तुला माहीत होतं.”

“ऑक्टोबरापासून.”

“म्हणजे सहा वर्षं. दर रविवारी.”

“हो.”

मी थर्मासचं झाकण लावलं आणि टेकडी उतरले. मला राग आला होता, आणि तो कमी सांगण्यात काही अर्थ नाही. तिनं एकदा, फक्त एकदा, ‘हो’ म्हटलं असतं तर तो माणूस शहाणा म्हणून मेला असता. आणि मी रस्त्यावर डोक्याला हात लावून नाचले नसते. या दुसऱ्या गोष्टीचा राग तिच्यावर काढायला सोपा होता, म्हणून सगळाच तिच्यावर काढला. वाटेत गावातून गरम हवेनं रंग उतरवायचं यंत्र मागून घेतलं आणि घरी येऊन खिडकीची चौकट तापवून खरवडायला घेतली. हिरवा गेला, पांढरा गेला, खालचा जुना निळा गेला. आत दोन खाचा निघाल्या. एक आतल्या बाजूला, खुर्चीत बसलं की गालाशी येणारी. दुसरी बाहेरच्या कडेला. बंदुकीला माशी असते तशी. आजोबा चौकट बिघडवत नव्हते. नेम धरून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी प्रॉसरबाईंना घरी बोलावून आजोबांच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी पहिल्या खाचेला डोळा लावला. गॉर्डन समोर टेकडीवर लाल खांब घेऊन उभा. मी दारात उभी राहून हात करत होते. डावीकडे, आणखी, खाली, अजून खाली, बस. तिथं खणलं. वीतभर गवत-मातीखाली ठोकलेला खडू लागला, पाठीवर मागे पडलेल्या कानाच्या आकारात. टोक खांबापासून चार बोटं चुकलं होतं. अर्धं अंग गेलेल्या माणसाचा हात, तेवढं चालायचंच. पण म्हणजे आमचा ससा ऐकत वगैरे काही नव्हता. दोन्ही कान मागे टाकून जीव घेऊन पळत होता. कशापासून, ते त्याला करणाऱ्यालाच ठाऊक.

नळी त्या कानात ठोकली. निकालाचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर लोक शेवटपर्यंत तेवढंच विचारतात. डिसेंबरात कागद आला. त्यात दोन आकडे होते आणि दोन्हींच्या मधे सातशे वर्षांचं अंतर. जुना आकडा पबच्या बाजूचा, नवा आकडा ओढूनताणून साधूंपर्यंत पोचणारा. दोघांनीही आपण जिंकलो म्हणून सायडर प्यायली. कोणी केला आणि कशासाठी, यावर कागदात एक ओळ नव्हती. मला विचाराल तर तेच बरं आहे.

पण ते डिसेंबरचं. एप्रिल-मेमध्ये मी हेस्टरशी बोलत नव्हते. मंगळवारी ती आली की मी पेन्शन सरकवायची, ती ‘थँक यू’ म्हणायची, मी ‘पुढचे कोण’ म्हणायची. रांगेतल्या कुणाच्या टोपीवर शेरा नाही, काही नाही. गावानं तिला काही म्हटलं नाही. उलट लोक तिच्या घरी जाऊन धीर देत होते. गॉर्डन म्हणाला, “मेव्हिस, बाई शहाऐंशीची आहे, सोड ना आता.” मी म्हटलं, “माझे आजोबा ब्याऐंशीचे होते.”

घासणीच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, दार वाजलं. हेस्टर. गॉर्डनची जीप खाली रस्त्यावर उभी होती, म्हणजे चढावरून घरापर्यंत ती काठी टेकत एकटी आली होती. दुसऱ्या हातात तोच झाकणाचा डबा. कडीला दोरा बांधलेला. मी दारातून बाजूला झाले, ‘ये’ म्हटलं नाही.

“उभ्या कानावर गवताचे ढपले मीच घालणार आहे,” ती म्हणाली. “गॉर्डनला सांगितलंय. एकेक आणून द्यायचा, मी बसून लावीन. पण त्याच्या आधी इथलं एक काम राहिलंय.”

“माफी मागायची असेल तर माझ्याकडे नको मागू.”

“तुझ्याकडे मागायला आलेच नाही मी,” ती म्हणाली. अगदी जुन्या हेस्टरसारखं, तोडून.

तिनं डबा टेबलावर ठेवला. खिडकीशी गेली. इतक्या वर्षांत मी तिला त्या खिडकीकडे तोंड करून कधी पाहिलं नव्हतं. आजोबांच्या खुर्चीत बसायला तिला वेळ लागला. गुडघे वाकत नव्हते, मी धरलं नाही, मग धरलं. तिनं गाल चौकटीला टेकवला, एक डोळा मिटला आणि दुसरा खाचेला लावला. टेकडीवर गॉर्डनचा लाल खांब अजून तिथंच रोवलेला होता, खालचा खरा कान अर्धा उघडा, आणि वर तिचा कान, पांढराधोप, सगळ्या सशात सर्वांत नीट राखलेला.

मला वाटलं, डोळा लागला. मग ती खुर्चीच्या हाताशी बोलल्यासारखी, हळू, पण प्रत्येक शब्द स्वच्छ लावून बोलली.

“हो, मिस्टर ट्रेव्हेट. चुकलाय. दिसतंय मला.”

मी डबा उचलला आणि सूप गरम करायला ठेवलं.